डाव्या दाराच्या रेघा

दार त्यानं पाठीकडून ओळखलं. आपलं माणूस पाठमोरं असलं तरी खांद्याच्या उतारावरून कळतं, तसं. शनवारा चौकात कडू जिलबीवाल्याच्या भट्टीला उत्तरेचा वारा लागू नये म्हणून दोन विटांच्या आधारानं एक पत्रा तिरपा उभा केलेला होता. काखेत गुंडाळलेला नकाशा धरून लीलाधर मास्तर शाळेच्या वाटेनं चालला होता, तेव्हा त्या पत्र्याच्या कोपऱ्याला लोंबणारा चामड्याचा तुकडा त्याला दिसला. बोटभर तुकडा. कधीकाळी तो दार आत ओढून घ्यायचा पट्टा होता. अर्धा उंदरानं खाल्ला होता आणि उरलेला अर्धा लीलाधरनं स्वतः सुतळीनं शिवला होता, उलट्या टाक्यानं, कारण सुलट टाका त्याला जन्मात जमला नव्हता. तो टाका जगात दुसऱ्या कोणाचा असणं शक्य नव्हतं. तो थांबला. मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं दिलेली शिवी त्याला ऐकूसुद्धा आली नाही. भट्टीला वळसा घालून तो पलीकडं गेला आणि त्यानं दाराला समोरून पाहिलं. दाराचं तोंड आगीकडं होतं. आचेनं रंगाचे फोड आले होते, फोड फुटले होते. वरचा काळा सोलला जाऊन खालचा, राजाकडं असतानाचा हिरवा दिसत होता, आणि हिरव्याखाली तिसराच कसला तरी विटकरी, जो त्यानंही कधी पाहिला नव्हता. आपल्या बायकोला भर रस्त्यात कोणी पदर ओढून उभं केलंय असं त्याला वाटलं. मोटारीचं डावं दार. त्याच्या मोटारीचं. ती मोटार या घटकेला निंबोल्यात, मेव्हण्याच्या, सुकलाल पाटलाच्या, केळीच्या वखारीत, ताडपत्रीखाली सुखरूप उभी आहे, असं दोन वर्षं तो रोज अंथरुणाला पाठ टेकताना स्वतःला सांगत आला होता.

आणि कडू बोलत होता. झारा तुपात, नजर गिऱ्हाइकावर. गिऱ्हाईक कोणी जबलपूरकडचा, नव्या राज्याबरोबर आलेला, कोटबीट घातलेला कारकून होता. "साहब, ये ऐसा-वैसा पत्रा नहीं है. राजासाहब की शिकारी मोटर का दरवाजा है. असीरगड के घाट में तेंदुआ सामने आया, राजासाहब बंदूक उठाते उठाते उसने पंजा मारा. ये देखो नाखून." कारकुनानं दोन बोटांत जिलबी धरून वाकून पाहिलं आणि रेघा मोजल्या. "लकीरें तो पाँच हैं भाई. तेंदुए के पंजे में चार नाखून दिखते हैं." कडूनं पापणीसुद्धा हलवली नाही. "पाँचवीं उसकी दुम की है."

शेपटीची! लीलाधरच्या कानशिलात घण बसला. शेपटीनं पत्र्यावर रेघ उठते? गाढवा, शेपूट काय लोखंडाची असते? गोष्ट चोरलीस ती चोरलीस, निदान नीट तरी सांग! ती गोष्ट त्याची होती. याच चौकात, समोरच्या भाईदास कापडवाल्याच्या ओट्यापुढं गाडीत बसूनच, एकोणपन्नास सालच्या थंडीत त्यानं ती पहिल्यांदा सांगितली होती, आणि पुढं सात वर्षं तिला चारापाणी घालून वाढवली होती. त्याच्या गोष्टीत राजा नव्हताच. त्याच्या गोष्टीत मोटार घाट उलटी चढत होती, कारण ती मोटार घाट उलटीच चढे, ही थाप नव्हे. तिची पेट्रोलची टाकी होती सीटखाली आणि इंजिन पुढं; तोंड वर करून चढायला लागली की पेट्रोल इंजिनाकडं जायचं नाव घेत नसे. मग गाडी वळवायची, पाठ डोंगराकडं करायची आणि उलटं चढायचं. बिबट्या खालून आला. त्याला समोर दिसला मोटारीचा एकुलता एक डोळा त्याच्याकडं रोखून बघणारा, आणि मोटार मात्र मागं मागं चाललेली. ही आपल्याला भिऊन पळते आहे की अंगावर यायला पवित्रा घेते आहे, हे बिबट्याला कळेना. तो बिचारा अर्धा मैल विचार करत मागून आला आणि शेवटी चिडून त्यानं डाव्या दारावर पंजा मारला. अशी गोष्ट! तिला कुठं शेपूट लागत होतं? पाचवी पुसट रेघ तेव्हाही होती, चारांच्या खाली, जरा बाजूला. पन्नास सालच्या दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी त्यानं काळं व्हार्निश फासून ती बुजवली होती, कारण बिबट्याच्या पंजाला चारच रेघा शोभतात. ती रेघ कशाची, हे त्यानं तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं. आता भट्टीच्या आचेनं व्हार्निश उडालं होतं.

"कडू, हे दार कुठून आणलंस?" आवाज फुटला तो वर्गातला, शेवटच्या बाकावरच्या पोरासाठी राखलेला.

"निंबोल्याहून, मास्टर. सुकलाल पाटलांकडं साखरपुडा झाला ना, जिलबी आपली होती. त्यांनीच म्हटलं, घेऊन जा भाऊ, आडोसा होईल."

"आणि गाडी?"

"गाडी कुठं राहिली? इंजन विहिरीवर बसवलं. काय पाणी फेकतंय मास्टर, केळी न्हाऊन निघते! सीटा ओसरीत टाकल्यात, पाहुणे बसतात. बाकी भंगारात."

"ती गाडी माझी होती."

कडूनं झारा थांबवला, मास्तरकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. झिजलेली चप्पल, काखेतला नकाशा, कोपरावर विरलेला कोट. कडूला शनवाऱ्यात येऊन वर्ष झालं असेल-नसेल. मग तो मनापासून, काही वाईट हेतू न ठेवता, हसला. "तुमची मोटर? चांगलंय मास्टर. तुम्ही गप्पा मारता म्हणून ऐकून होतो. पावशेर बांधू का?"

लीलाधर शाळेत गेला नाही. वळला आणि लालबागच्या रस्त्याला लागला. घर तिकडं, स्टेशनच्या अंगाला, दोन मैल. मोटार होती तेव्हा हे दोन मैल ऐंशी खोकल्यांचे होते. त्यानं मोजले होते. राग डोक्यात जाऊन बसला म्हणजे माणसाचे पाय आपोआप चालतात, आणि आठवणी कुत्र्यांसारख्या मागून लागतात, हाकलल्या तरी. विलीनीकरणाच्या त्या साली सातपुड्याच्या पायथ्याचं ते चिमुकलं संस्थान एका सहीनं संपलं. राजाला तनखा मिळाला, पण वाड्यात दूध मिळेना, कारण गवळी म्हणाला, आता तुम्ही राजे नाही तर फुकट कशाला? लीलाधर तिथं मास्तरकीच्या कामानं गेला होता. गोठ्यात कडब्याखाली त्याला ती दिसली. एका डोळ्याची, कारण उजव्या दिव्याच्या जागी कोणी पितळी डबा बसवला होता. छप्पर तंबूच्या कापडाचं. दारं चार, पण चारही वेगळ्या वयाची. नाकावरचा बिल्ला पडलेला, त्यामुळं कोणत्या कंपनीची हे राजालाही ठाऊक नव्हतं. वडिलांच्या वेळेपासून आहे एवढंच तो म्हणाला. दुभती म्हैस दिली आणि मोटार आणली. राजानं म्हशीच्या कासेला हात लावून पाहिला, लीलाधरनं मोटारीच्या. दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवलं असं वाटलं. पहिल्या दिवशी तिच्या भोंग्यातून आवाजाऐवजी उंदराची तीन पिल्लं बाहेर आली. रेडिएटर गळायचा, त्यात मूठभर हळद टाकली की बंद व्हायचा, आणि मग उन्हाळ्यात गाडी तापली की सगळ्या रस्त्यावर फोडणीचा वास. लोक हसायचे. हसू देत. लग्नसराईत हेच हसणारे दारात येऊन उभे राहायचे, "मास्तर, वरातीला तेवढी गाडी." दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधून, वधूवरांना मागं बसवून तो शनवाऱ्यातून अशी गाडी काढायचा की घोडा लाजावा. हॅण्डल मारायचं तंत्र त्याला एकट्याला येत होतं. सोळा फेरे, मग थांबायचं, मग तिच्याकडं दुर्लक्ष करून विडी पेटवायची, आणि तिला वाटलं की आता हा आपल्याला विसरला, की एक झटका. सुरू. पण एकदा बंद पडली की मग तास तास रुसायची. म्हणून वाटेत थांबायचं नाही, हा नियम. ओळखीचा भेटला तर चालत्या गाडीतून नमस्कार. पत्र असेल तर पोस्टमन धावत यायचा.

आणि घाट. निंबोल्याच्या पुढं असीरगडच्या घाटात ते दोघं उलटे चढायचे. दुसऱ्या कोणाला घाट चढताना समोर डोंगर दिसतो. त्यांना मागं राहिलेला सगळा मुलूख दिसायचा, हळूहळू उलगडत जाणारा, केळीचे हिरवे चौकोन, कापसाची काळी रानं, आणि फारच वर गेलं तर तापीची एक चमक. लीलाधर मान वळवून मागं बघत चालवायचा, त्यामुळं तो मुलूख त्याला कधी नीट दिसलाच नाही. ती सांगायची. "आता आपला मळा दिसतोय. आता वड. आता कोणीतरी धूर केलाय." ती... इथं लीलाधरचे पाय रस्त्यात किंचित अडखळले. पण राग मोठा होता, त्यानं आठवणीला बाजूला ढकललं.

कारण गोष्ट गाडीची नव्हतीच. गाडी होती तोवर तो गप्पिष्ट होता. लोक थापा ऐकायचे आणि मान वळवून दाराकडं बघायचे, आणि तिथं रेघा असायच्या. एक खरी गोष्ट उभी असली की तिच्या सावलीत दहा खोट्या बसतात, कोणाची हरकत नसते. आता गाडी नाही. आता तो थापाड्या. आता कडू नावाचा कालचा माणूस त्याच्याकडं बघून हसतो. नकाशाचंही तसंच. तीस वर्षं ज्या प्रांतात नागपूर शिकवलं तो प्रांतच पुसला, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं; काल हेडमास्तर म्हणाले, "मास्टरजी, नया नकशा आने तक नागपूर पर कागज चिपका दो." नागपूरवर कागद चिकटवा! मराठीच्या वर्गात बारा पोरं उरली आहेत, तीही खिडकीतून हिंदीच्या वर्गाकडं बघतात. आणि दोन वर्षांपूर्वी त्या कचेरीत, जिथं जुन्या प्रांताच्या गाड्या नव्या राज्याच्या दप्तरात चढवून घेत होते, खिडकीमागच्या माणसानं फॉर्म पुढं केला होता. गाडीचं नाव? गाडी. नाम, मास्टरजी, कंपनी का नाम. माहीत नाही. साल? राजाच्या वडिलांचं. इंजिनाचा नंबर? झिजला. माणसानं पेन ठेवलं होतं. "जिसका नाम नहीं, वो गाडी नहीं." एवढंच म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. त्या दिवशी लीलाधरनं गाडी निंबोल्याला नेऊन ठेवली. नाव सापडेपर्यंत ठेवतो, म्हणाला. नाव सापडलं नाही, आणि नावावाचून तिला तोंड दाखवायला तो पुन्हा निंबोल्याला गेला नाही, साखरपुड्यालासुद्धा नाही.

मनकर्णा ओसरीवर कच्च्या केळ्यांचे काप करत बसली होती. केळीच्या चिकानं तिची बोटं काळी झाली होती. तो डाग कशानंच जात नाही, लग्न होऊन निंबोल्याहून आली तेव्हाही होता.

"गाडी कुठंय?" दारातूनच तो गरजला.

"शाळा नाही आज?"

"गाडी कुठंय, विचारतोय मी!"

तिनं विळी थांबवली नाही. "दार दिसलं वाटतं."

तो उंबरा ओलांडून आत आला. "तुला माहीत होतं?"

"मीच सांगितलं सुकलालला. मोड म्हटलं. इंजन चांगलं आहे, केळीला पाणी होईल."

"माझी गाडी! मला न विचारता माझी गाडी!"

"म्हैस माझी होती," मनकर्णा म्हणाली. "भावानं दिलेली. आठ शेर दूध देत होती. तुम्ही मला विचारून नेली का राजाकडं? मी पाणी पाजायला गेले तर दावं रिकामं. भावाची वस्तू भावाला गेली. झालं बरोबर."

तो जास्तच ओरडला. कडूचं हसणं सांगितलं, राजा सांगितला, शेपूट सांगितलं. "तुला कळतंय का काय मोडलंस तू? त्या दारावर माझं... लोक आता मला खोटा म्हणतात. त्या रेघा म्हणजे..."

"काय होत्या त्या रेघा? सांगा ना."

त्यानं नकाशा या काखेतून त्या काखेत घेतला.

"बोला. बिबट्या होता?" विळी आता थांबली होती. "कडी कधी तुटली त्या दाराची? गाडी आणली त्याच आठवड्यात. दोरी बांधली तर म्हणालात, उतरताना सोडायला मला खाली यावं लागतं, मी उतरलो की ही बंद पडते. तर तू धरून बस. बसले. सात वरसं बसले. हात बाहेर टाकून, दार आत ओढून. लालबागपासून निंबोल्यापर्यंत, उन्हात, पावसात. खांदा गेला माझा. अजून डोक्यावर हात जात नाही, तेल घालायला शेजारची लागते. रेघा कशाच्या? चांदीच्या बांगड्यांच्या. हादरा बसला की घासायच्या, रोज घासायच्या. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," लीलाधर म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला.

"आन् तुम्ही चौकात गाडी लावून बिबट्या सांगायचात. इंजन चालूच. मी आत बसलेली, तेच दार धरून. लोक यायचे, माझ्या मनगटाशेजारी बोटं लावून वाघाची नखं बघायचे. एकानं तरी विचारलं का, बाई, तू कुठं होती तेव्हा?"

"मग काय चौकात बायकोचं नाव घेऊ? चार माणसांत सांगू, की माझी बायको माझ्याशेजारी पुढं बसते आणि दार धरते? शोभतं का?"

"वाघाचं शोभतं," मनकर्णा म्हणाली आणि पुढचं केळं उचललं.

तेच तर झालं होतं. ओरडून घसा बसल्यावर, आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडल्यावर, ते त्याला नको इतकं स्पष्ट दिसू लागलं. एकोणपन्नास सालची ती सकाळ. भाईदासनं ओट्यावरून विचारलं होतं, "काय हो मास्तर, एवढ्यात दार ओरबाडलं कशानं?" आणि लीलाधरची नजर दारावर गेली होती, तिथं गहूवर्णी मनगट होतं, बांगड्या होत्या, आणि ती मान खाली घालून हसू दाबत होती, कारण तिला वाटलं आता आपली गंमत सांगतील. घरातली गोष्ट घरातल्या माणसाच्या नावानं बाजारात सांगायची नसते, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं; ते हाडातच होतं. तीही त्याचं नाव कधी घेत नसे. जीभ अडली, आणि अडलेल्या जिभेवर बिबट्या येऊन बसला. भाईदास हसला, सगळा ओटा हसला, आणि ते हसू इतकं गोड लागलं की दुसऱ्या दिवशी बिबट्या पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी त्याला शेपूट-मिशा फुटल्या. तिनं मात्र मान वर केली नाही. पुढं घाट चढताना मळा दिसला, वड दिसला, हे सांगायचंही तिनं हळूहळू कमी केलं, हे त्याला आज, भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडं बघताना आठवलं. कोणत्या साली बंद केलं? ते आठवेना. त्या न आठवण्याचाच त्याला भयंकर राग आला. तिचा राग, सुकलालचा, कडूचा, खिडकीमागच्या त्या माणसाचा, जिसका नाम नहीं वो गाडी नहीं! आणि हा, हा जो इथं पडलाय, एक्कावन्न वर्षांचा, यानं काय केलं सात वर्षं? नागपूरवर कागद चिकटवला. दुसरं काय केलं?

चार वाजता तो उठला, चप्पल घातली आणि पुन्हा शनवाऱ्याला चालत गेला. काय करायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. दार उचलून आणावं, भट्टीत लाथ घालावी, असं काहीबाही. कडूपुढं गर्दी होती. बाजाराचा दिवस, निंबोल्याकडची माणसं, दोन-तीन दुकानदार, आणि भाईदाससुद्धा, आता केस पांढरे झालेला, द्रोणात जिलबी घेऊन. दुपारभरात बिबट्याचा वाघ झाला होता आणि राजाच्या जोडीला एक इंग्रज साहेब आला होता.

"थांब," लीलाधर म्हणाला.

"आले मास्टर! बसा. ऐकलं का लोकहो, ही मोटर मास्टरांची होती म्हणे."

"होती. भाईदासभाऊ, सांगा यांना. होती की नव्हती?"

"होती तर," भाईदास जिलबी चावत म्हणाला. "वाघाची गोष्ट मास्तरांचीच. अरे, यांनी सांगावी आणि आम्ही ऐकावी! पहिल्यापासून सांगा मास्तर, होऊन जाऊ द्या."

म्हणजे झालं. सगळी तोंडं त्याच्याकडं वळली, हसायला तयार. सकाळी जे गेलं होतं ते कडूच्या तुपाच्या वासात त्याला आयतं परत मिळत होतं: गाडी, गोष्ट, नाव. फक्त तोंड उघडायचं होतं. असीरगडचा घाट, उलटी चाललेली मोटार, विचारात पडलेला बिबट्या. जिभेवर सगळं तयार होतं. लीलाधरनं हात पुढं केला आणि तापलेल्या दारावर, रेघांवर, पंजा ठेवला. चटका बसला. त्यानं हात काढला नाही.

"वाघ नव्हता," तो म्हणाला. "बिबट्या पण नव्हता. मी थाप मारली. माझी बायको हे दार सात वर्षं धरून बसली होती. या बाजूनं, अशी. तिच्या चांदीच्या बांगड्यांच्या रेघा आहेत या. चार बांगड्या, चार रेघा. मनकर्णानं धरलं होतं हे दार. मनकर्णानं!"

नाव चौकात पडलं, एखादं भांडं पडून घरंगळत राहावं तसं. भाईदासनं द्रोणात बघितलं. निंबोल्याकडच्या एका म्हाताऱ्यानं खाकरून तोंड फिरवलं, जणू मास्तरचं धोतर सुटलं होतं आणि ते आपण पाहिलं नाही असं दाखवायला हवं होतं. लीलाधरचा तळवा भाजत होता, पण तो वाट बघत होता. कोणीतरी वाकेल. कोणीतरी रेघांना बोट लावून बघेल, जसं वाघासाठी बघायचे.

मग कडू समजूतदारपणे म्हणाला, "मास्टर, बांगडीनं कुठं पत्रा फाटतो का? काहीही!" आणि वाट सापडल्यासारखी गर्दी हसली. भाईदासही हसला, डोळे पुसत. "म्हातारपणी नवी काढली मास्तरांनी! पण ती वाघाचीच बरी होती हो. ही जरा... घरातली वाटते."

"खरं सांगतोय मी!" लीलाधर ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगतोय, गाढवांनो!" ते जास्तच हसले. त्याची कोणतीही थाप यापूर्वी इतकी रंगली नव्हती.

तो लालबागला पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्ताभर तो मोठ्यानं बोलत आला होता, त्या भाईदासशी, वाघाशी, स्वतःशी, आणि राग कमी व्हायच्या ऐवजी चालून चालून ताजा झाला होता. बातमी त्याच्या आधी पोचली होती. टांग्यातून आलेल्या कोणीतरी ती शेजारणीच्या पदरात टाकली होती. मनकर्णा कंदिलाची काच पुसत होती.

"बाजारात नाव घेतलं म्हणे माझं."

"घेतलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. दोनदा. आणि त्या मूर्खांनी..." तो धप्पकन उंबऱ्यावर बसला. "हसले. एकानंही खरं मानलं नाही. वाघ मानतात! शेपटीची रेघ मानतात! आणि तुला मानत नाहीत!"

तिनं काच ठेवली. त्याचा तळवा कंदिलाजवळ ओढून पाहिला. फोड आला होता, लांबट. तिनं तो हात, वस्तू जागेवर ठेवावी तसा, त्याच्या मांडीवर परत ठेवला.

"किती सांगितल्या?"

"काय किती?"

"बांगड्या."

"चार."

"पाच होत्या," मनकर्णा म्हणाली. "लग्नातल्या. एक झिजून झिजून तुटली पहिल्याच पावसाळ्यात. निंबोल्याच्या पुढं, नाल्यापाशी पडली रस्त्यात. पडताना मी बघितली."

लीलाधरच्या डोळ्यांपुढं ती पाचवी रेघ आली. पुसट, चारांच्या खाली, जरा बाजूला. आणि पन्नास सालचा दसरा, आणि त्याच्या हातातला व्हार्निशचा कुंचला.

"बघितलीस? आणि बोलली नाहीस? अगं, चांदीची बांगडी! थांबलो असतो की मी!"

"थांबला असतात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला सकाळचा राग अजून जसाच्या तसा होता. "म्हनूनच बोलले नाही. थांबली असती तर पुन्हा चालू झाली असती का ती? घाटाला लागली होती नुकती. कशी छान चालली होती."

तिनं कंदील लावला, वात खाली केली.

"उद्या जा परत. आन् नीट सांगा. पाच होत्या."